शाळकरी वाद्यवृंद आणि तीन मिनिटांची तबकडी

लग्नसराईच्या दिवसांत किहीमच्या वाड्यांतून वरात निघाली म्हणजे तिच्या अग्रभागी बँड चालतो. ट्रंपेटवाल्याचे गाल फुगलेले असतात, क्लॅरिओनेट मधूनच उंच सूर काढते, आणि मोठ्या ढोलाचा ठोका माडांच्या राईत घुमत जातो. गावातील शाळकरी मुले ह्या बँडच्या मागेपुढे धावत असतात. त्यांतील एखादा मुलगा वादकाच्या बोटांकडे टक लावून पाहतो आणि दुसऱ्या दिवशी पपईच्या पोकळ देठाची पिपाणी करून वाजवू लागतो. ह्या मुलाच्या हाती खरे वाद्य आले, त्याच्यासारखी आणखी पंधरासोळा मुलेमुली शाळेच्या दिवाणखान्यात रांगेने बसली, आणि त्यांच्या वादनाची तबकडी निघाली, तर त्या घटनेत नेमके काय काय घडते, ते समजून घेण्याजोगे आहे. अमेरिकेत अशा तबकड्या निघाल्या आहेत. आपल्याकडेही त्या विद्येची एक मोठी शाळा होऊन गेली. परंतु तिच्या विद्यार्थ्यांची नावे तबकडीवर क्वचितच आली.

प्रथम हा वाद्यवृंद कसा असतो ते पाहू. जाझ ह्या संगीतप्रकाराचा उगम अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स शहरात, विसाव्या शतकाच्या आरंभी, तेथील आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये झाला. मिरवणुकीत आणि प्रेतयात्रेत वाजणारे पितळी वाद्यांचे बँड हे त्याचे एक मूळ होय. पहिल्या तुकड्या पाचसात माणसांच्या असत. पुढे मोठ्या नृत्यगृहांसाठी वादकांची संख्या वाढली आणि 1930 नंतरच्या दशकात ‘बिग बँड’ ह्या नावाचा मोठा जाझ वाद्यवृंद लोकप्रिय झाला. त्याची सामान्य रचना अशी : पुढल्या रांगेत पाच सॅक्सोफोन, तिच्यामागे चार ट्रॉम्बोन, त्यामागे चार ट्रंपेट, आणि बाजूस पियानो, गिटार, डबल बेस व ड्रम ही चार लयवाद्ये. म्हणजे एकूण वादक सतरा.

सतरा जणांनी आपापल्या मनास येईल तसे वाजविले, तर तो बाजारचा गलका होईल. म्हणून रचनाकार प्रत्येक वादकासाठी स्वतंत्र कागद लिहितो. चारही ट्रंपेटवाल्यांचे सूर वेगवेगळे असतात; ते एकदम वाजले म्हणजे एक भरदार स्वरसमूह ऐकू येतो. आपल्या संगीतात एका गळ्यातून स्वर क्रमाने उलगडत जातो, येथे अनेक स्वर एकाच क्षणी एकमेकांवर रचलेले असतात. त्यामुळे एकाचा सूर केसभर चढला, तरी सर्व इमारत कलल्यासारखी वाटते. फुंकवाद्ये वाजवून गरम झाली की त्यांचा सूर चढतो. म्हणून सूर जुळविणे हे प्रारंभी एकदाच उरकण्याचे काम नव्हे, ते वादन संपेपर्यंत कानांनी करावयाचे काम आहे.

दुसरी कठीण गोष्ट लयीची. जाझच्या चालीला एक झोका असतो. एका मात्रेचे दोन समान भाग न करता तिचे तीन भाग कल्पावे, पहिले दोन एकत्र जोडून लांब आणि तिसरा आखूड वाजवावा, म्हणजे तो झोका साधारणपणे साधतो. ज्यांच्या कानांत दादऱ्याचे वजन मुरले आहे, त्यांस हे समजणे अवघड नाही. मात्र कागदावर हे सूर बहुधा समानच लिहिलेले असतात. झोका वाजविणाऱ्याने आपल्या कानाने घालावयाचा असतो.

तिसरी गोष्ट उत्स्फूर्त वादनाची. लिहिलेल्या रचनेत मध्येच काही जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात. तेथे एकच वादक उभा राहतो आणि ठरलेल्या स्वरसमूहांच्या आधाराने, आयत्या वेळी सुचेल ते वाजवितो. किहीमकरांस ह्याचा दाखला त्यांच्या गावातच सापडेल. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली ह्यांनी 1930 साली किहीम येथे राहून सुगरण पक्ष्याचे बारकाईने निरीक्षण केले. नर पक्षी घरटे अर्धेच विणून थांबतो, मादी येऊन ते पाहते, तिने पसंत केले तरच तो ते पुरे करतो, असे त्यांस आढळले. जाझच्या रचनाकाराचा कागदही असाच अर्धा विणलेला असतो. बाकीचे विणकाम वादकाने प्रत्यक्ष वादनाच्या वेळी करावयाचे असते.

असा हा वृंद तबकडीवर कसा उतरत असे? जाझची पहिली तबकडी 1917 साली निघाली. त्या काळी ध्वनिमुद्रणास वीज लागत नसे. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहत. त्यांच्या आवाजाने कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरे, आणि त्यास जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीवर नागमोडी रेघ कोरी. आवाज कमीअधिक करण्याचे साधन एकच, ते म्हणजे वादकाने पुढे सरकणे किंवा मागे हटणे. ह्यासंबंधी लुई आर्मस्ट्राँग ह्या थोर ट्रंपेटवादकाची हकीगत सुप्रसिद्ध आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये बाराव्या वर्षाच्या आत हवेत पिस्तूल झाडल्यावरून 1913 च्या आरंभी त्यास मुलांच्या सुधारगृहात पाठविण्यात आले. तेथे पीटर डेव्हिस नावाच्या शिक्षकाने त्याच्या हाती कॉर्नेट दिले आणि त्यास सुधारगृहाच्या बँडचा म्होरक्या केले. दहा वर्षांनी, 1923 साली, किंग ऑलिव्हर ह्यांच्या वृंदात तो पहिल्यांदा तबकडीसाठी वाजवू लागला, तेव्हा त्याचा आवाज इतका जोरकस होता की त्यास इतरांपासून बराच दूर उभे करावे लागले, असे त्याच्या सहकाऱ्यांनी सांगून ठेवले आहे. जगाने ऐकलेल्या त्या आवाजाची पाळेमुळे सुधारगृहातील एका मास्तराच्या शिकवणीत होती.

1925 पासून विजेवर चालणारा ध्वनिग्राहक आला आणि मंद वाद्येही स्पष्ट उमटू लागली. पुढचा क्रम मात्र तोच राहिला. कोरलेल्या मेणावर शिशाच्या पेन्सिलीत असते तशी भुकटी चोळून तिच्यावर विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवीत. तो थर सोडविला म्हणजे रेघांचा उलटा ठसा मिळे. त्यास कारखान्यात ‘पिता’ म्हणत. त्याच्यापासून ‘माता’, आणि मातेपासून छापण्याचा ठसा, अशी ही वंशावळ असे. ठशाखाली लाखेचा तापवलेला गोळा दाबला की तबकडी तयार होई. ही लाख बहुतांशी आपल्या देशातील, विशेषतः छोटा नागपूरच्या जंगलांतील. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणास 1902 साली कलकत्त्यात प्रारंभ झाला. त्या तबकड्या छापून येत जर्मनीतील हॅनोव्हरहून. 1908 मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला.

ह्या कृतीतील एक अडचण विसरण्याजोगी नाही. मेणावरील मुद्रण वाजवून पाहिले तर त्या रेघा बिघडत, म्हणून जे मुद्रण छापावयाचे ते वादकांना तेथल्या तेथे ऐकता येत नसे. शिवाय खोडरबर नाही. सोळा जण अचूक वाजले आणि सतरावा चुकला, तर सर्वांनी पुनः पहिल्यापासून वाजवावयाचे.

आणि वेळ किती? दहा इंची तबकडी मिनिटास 78 फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे वादन मावे. ह्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मिनिटास 160 मात्रांची लय धरली तर तीन मिनिटांत 480 मात्रा होतात. चार मात्रांचा एक खंड, म्हणजे 120 खंड. जाझमधील पुष्कळशा चाली 32 खंडांच्या असतात. तेव्हा चाल तीनदा वाजविली की 96 खंड झाले, उरले 24. त्यांत आरंभ, शेवट आणि मधले सांधे बसवावयाचे. पहिल्या फेरीत सर्वांनी मिळून चाल सांगावयाची, दुसरीत एकेकट्याने आपले कौशल्य दाखवावयाचे, तिसरीत पुनः सर्वांनी एकत्र येऊन शेवट करावयाचा. एकट्याच्या वाट्यास पुष्कळदा आठ किंवा सोळाच खंड येत, म्हणजे बारा ते चोवीस सेकंद. तेवढ्यात जे सांगावयाचे ते सांगून बसावे लागे. तबकडीने कलावंतांस संक्षेप शिकविला, तो असा.

1948 साली मिनिटास सव्वातेहतीसच्या वर फेरे घेणारी, एका बाजूस वीसेक मिनिटे वाजणारी तबकडी अमेरिकेत निघाली. त्याच सुमारास चुंबकीय फीतही प्रचारात आली. फितीवरील मुद्रण लगेच ऐकता येते आणि नको तो भाग कापून टाकता येतो. ह्या सोयींमुळे शाळेच्या मुलांसही तबकडी काढणे आवाक्यात आले.

त्याचे उत्तम उदाहरण टेक्सास प्रांतातील ह्यूस्टन शहराचे आहे. तेथील कॅशमिअर हायस्कूल ही आफ्रिकी वंशाच्या वस्तीतील शाळा. तिचे संगीतशिक्षक कॉनरॅड जॉन्सन स्वतः चांगले जाझवादक होते. 1967 साली ओटिस रेडिंग ह्या गायकाचा जलसा पाहून त्यांच्या मनात आले की, आपली मुले घरी जे संगीत ऐकतात त्याच्याच चालीवर त्यांस का शिकवू नये? त्यांनी मुलांसाठी स्वतः रचना केल्या, तालीम कडक ठेवली, आणि 1970 च्या आगेमागे त्या शाळेच्या वृंदाच्या अनेक तबकड्या काढल्या. जॉन्सन 1978 मध्ये निवृत्त झाले. पुढे त्या तबकड्या दुर्मिळ झाल्या, संग्राहक त्यांच्या शोधात फिरू लागले, आणि 2006 साली त्यांतील निवडक वादन पुनः प्रसिद्ध झाले. 2008 च्या आरंभी त्यांचे जुने विद्यार्थी एकत्र जमले. त्यांतील कित्येकांनी अनेक वर्षांत वाद्यास हातही लावला नव्हता. तालमी करून त्यांनी ब्याण्णव वर्षांच्या आपल्या मास्तरांपुढे तोच कार्यक्रम सादर केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत जॉन्सन वारले. हा प्रसंग ‘थंडर सोल’ ह्या 2010 सालच्या अनुबोधपटात पाहावयास मिळतो. त्या तबकड्यांवर शाळेचे नाव ठळक छापलेले आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता आपल्याकडे वळू. किहीमहून उत्तरेस मांडव्याला जावे आणि पावसाळा नसेल तर लाँचने खाडीपलीकडे निघावे. तासाभरात अपोलो बंदर येते. गेटवेच्या पायऱ्या चढून वर आले की समोर ताजमहाल हॉटेलची इमारत दिसते. 1935–36 च्या सुमारास ह्याच हॉटेलात लिऑन अ‍ॅबी ह्या आफ्रिकी-अमेरिकी व्हायोलिनवादकाचा जाझ वृंद आला. त्याच्या मागून क्रिकेट स्मिथ हे ट्रंपेटवादक आणि टेडी वेदरफर्ड हे पियानोवादक ह्यांचे वृंद येथे वाजू लागले. स्मिथ ह्यांच्या वृंदाच्या तबकड्याही 1936 मध्ये मुंबईत निघाल्या. म्हणजे डॉ. सलीम अली किहीमला सुगरणीची घरटी मोजीत होते, त्यानंतर पाचसहा वर्षांतच खाडीच्या पलीकडे हे नवे संगीत येऊन पोहोचले होते.

ह्या परदेशी वृंदांना येथल्या भूमीत तयार वादक मिळाले, आणि ते मुख्यतः गोव्याचे होते. त्याचे कारण शोधावयास गोव्यातील चर्चच्या शाळांत जावे लागते. पोर्तुगीज अमलात, सोळाव्या शतकापासून, गावोगावच्या चर्चला जोडून पॅरिश शाळा निघाल्या. तेथे चर्चमधील गायनासाठी मुलांस स्वरलिपी शिकविली जाई. शिकविणाऱ्यास ‘मेस्त्रे’ म्हणत. आपल्या मराठीतील मेस्त्री हा शब्द ह्याच पोर्तुगीज शब्दापासून आला आहे. मेस्त्रे आधी वाद्य देत नसे. कागदावरील खुणा पाहून दो, रे, मि, फा अशा नावांनी स्वर अचूक म्हणावयाचा, हाताने मात्रा मोजावयाची, हा अभ्यास तो महिनोन् महिने करून घेई. तो पक्का झाल्यावर व्हायोलिन किंवा एखादे फुंकवाद्य मुलाच्या हाती येई. शेतकऱ्याचा किंवा नोकरदाराचा दहा-बारा वर्षांचा मुलगा अशा रीतीने कोणताही नवा कागद पुढे ठेवला तरी तो तत्काळ वाचून वाजवू लागे.

हळदोणे गावी 1916 साली जन्मलेले आंतोनियो शावियर वाझ ह्याच परंपरेतून आले. मुंबईत ते ‘चिक चॉकलेट’ ह्या नावाने प्रसिद्धीस आले आणि त्यांच्या ट्रंपेटमुळे लोक त्यांस हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड वेदरफर्ड ह्यांच्या वृंदात वाजवीत असत. सेबास्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात वृंद चालवीत. फाळणीनंतर ते मुंबईस आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ह्यांनी पुढे प्यारेलाल ह्यांस व्हायोलिन शिकविले. गुरूचे ते नाव 1977 साली ‘अमर अकबर अँथनी’ ह्या चित्रपटातील एका गाण्यात घरोघर पोहोचले. मात्र गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी फारच थोड्यांस ते एका खऱ्या शिक्षकाचे नाव आहे हे ठाऊक होते.

हॉटेलातील वादन रात्री उशिरा चाले. दिवसा हेच वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास जात. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे जन्मलेले संगीतकार रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, ह्यांनी जाझचा झोका हिंदी गीतांत आणला. भगवान पालव ह्यांच्या 1951 सालच्या ‘अलबेला’ चित्रपटासाठी चिक चॉकलेट ह्यांनी त्यांस साहाय्य केले, आणि त्यांचा वृंद पडद्यावरही दिसला. संगीतकाराने चाल पेटीवर वाजवून दाखवावी आणि ती ऐकून गोमंतकीय रचनाकाराने प्रत्येक वाद्याचा कागद लिहावा, असा पुष्कळ ठिकाणी प्रघात पडला. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर ह्यांच्यासाठी सेबास्टियन डिसोझा ह्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. तीसचाळीस वादक कागद समोर ठेवून, थोड्याशा तालमीनंतर एकसंध वाजवीत, ते मेस्त्रेच्या शाळेतील त्या महिनोन् महिन्यांच्या अभ्यासाच्या बळावर.

परंतु तबकडीच्या मध्यभागी चिकटविलेला कागद वाचावा. त्यावर चित्रपटाचे नाव, गायकाचे नाव, संगीतकाराचे नाव असते. ट्रंपेट कोणाचे, कागद कोणी लिहिले, हे बहुधा नसते. वादकास दिवसाचे पैसे मिळत आणि तो घरी जाई. ही माणसे थकली, तेव्हा त्यांच्यापैकी पुष्कळांपाशी आपण काय वाजविले ह्याचा लेखी पुरावा नव्हता. ग्रेगरी बूथ ह्या अभ्यासकाने अशा वादकांच्या मुलाखती घेऊन 2008 साली ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि नरेश फर्नांडिस ह्यांनी मुंबईच्या जाझचा इतिहास ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ ह्या पुस्तकात लिहिला, म्हणून आज ही नावे सांगता येतात. हे काम वीसतीस वर्षे आधी झाले असते, तर आणखी कितीतरी नावे हाती लागली असती. ज्या मेस्त्र्यांनी ह्या मुलांस स्वर ओळखावयास शिकविले, त्यांची नावे तर त्यांच्या गावाबाहेर फारशी कोणास माहीत नाहीत.

आज किहीमच्या एखाद्या शाळेने ठरविले, तर ध्वनिमुद्रणासाठी कलकत्त्यास जावयास नको, मेण नको, लाख नको. खिशातील फोनवर वादन टिपता येते आणि ते क्षणात जगभर पाठविता येते. यंत्राची अडचण जवळजवळ संपली आहे. जी गोष्ट महाग होती ती अजून तशीच महाग आहे : ती म्हणजे रोज संध्याकाळी तासभर मुलांजवळ बसणारा शिक्षक. त्याने सतरा वाद्यांची वाट पाहत बसू नये. वरातीच्या बँडमधील एखादा जाणता वादक बोलवावा, दोन क्लॅरिओनेट, एक ट्रंपेट, एक पेटी आणि एक ढोल एवढ्यावर आरंभ करावा. ज्या मुलास पाचच स्वर येतात, त्याच्यासाठी पाचच स्वरांचा कागद लिहावा. परंतु ते पाच स्वर सुरात असल्याखेरीज पुढे जाऊ नये. तीन मिनिटांची मर्यादा आजही पाळावी, कारण तेवढा वेळ सर्वांनी एकत्र अचूक वाजविणे हीच मोठी परीक्षा आहे.

आणि वादन टिपून झाले म्हणजे शाळेने एक काम विसरू नये. मुद्रणाच्या तारखेसह एका कागदावर प्रत्येक मुलाचे व मुलीचे पूर्ण नाव, त्यापुढे त्याचे वाद्य, आणि तळाशी शिकविणाऱ्याचे नाव स्वच्छ अक्षरांत लिहावे. त्याची एक प्रत शाळेच्या दप्तरी ठेवावी आणि एकेक प्रत मुलांच्या घरी द्यावी.